गाडीच्या काचेवर घरी लावलेली फिल्म: फुगे, सुरकुत्या आणि सुटणारी खालची कड

फिल्म लावून चार दिवस झाले की व्हॉट्सॲपवर फोटो येतो. काचेवर बोट टेकवलेलं, बोटाच्या टोकाशी फुगा, आणि खाली एवढंच: "हे काय झालं रे?" बहुतेक फोटो मागच्या दाराच्या काचेचे असतात आणि फुगा खालच्या कडेपासून चार बोटांवर असतो. आता फोटो न उघडता उत्तर देता येईल इतकी सवय झाली आहे.

मी फिल्मवाला नाही. नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या खोड्या काढतो. तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या वॅगन आरला घरी फिल्म लावली. ती तीनदा काढली, चौथ्यांदा बसली. मग मेव्हण्याची गाडी, मग सोसायटीतल्या दोघांची, मग "तुला येतं ना, जरा बघ" म्हणणाऱ्यांची रांग. इतक्या काचा पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली. लावताना झालेल्या चुका बऱ्याचदा आपोआप निस्तरतात. फिल्म वाया जाते ती दुसऱ्या दिवशी घाईने केलेल्या दुरुस्तीत. म्हणून खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकाकडे अशा क्रमाने लिहिल्या आहेत. क्रम मोडू नका.

आधी लक्षण ओळखा

सगळ्यांना आपण फुगेच म्हणतो, पण ते चार जातींचे असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पाण्याचा फुगा चपटा, वेडावाकडा आणि किंचित दुधाळ असतो. आतून अंगठ्याने हलकं दाबलं तर त्याची कड सरकते. हवेचा फुगा गोल आणि चकचकीत. दाबला की बसतो, अंगठा उचलला की पुन्हा वर येतो. धुळीचा फुगा म्हणजे छोटासा तंबूच, मधोमध कण आणि त्याच्याभोवती ताणलेली फिल्म. नखाला तो खडा लागतो. चौथी जात म्हणजे कडेला आलेली बोटं. काच दोन्ही बाजूंनी गोलाई असलेली, फिल्म सपाट, त्यामुळे जास्तीची फिल्म कडेला हाताच्या बोटांसारख्या लांबट घड्या घालते.

याखेरीज चार तक्रारी वेगळ्या. खालची किंवा वरची कड सुटून तिच्यात तपकिरी धुळीची रेघ दिसणं. पूर्ण काच धूसर दिसणं. फिल्मवर उभे बारीक चरे पडणं. आणि रंग जांभळा होणं. शेवटच्याला उपाय नाही, तो इथेच संपवतो. स्वस्त फिल्ममध्ये काळेपणा रंगद्रव्याचा असतो, उन्हातल्या अतिनील किरणांनी ते रंगद्रव्य मोडतं आणि जांभळी छटा मागे उरते. पुसून, घासून, गरम करून ती जात नाही. फिल्म काढायची, बस.

एक विचित्र लक्षणही सांगून ठेवतो. एका मित्राचा फास्टॅग घोटीच्या टोलनाक्यावर वाचला जाईना, दोन वेळा कार्ड बदललं. कार्ड ठीक होतं. पुढच्या काचेवर धातूचा थर असलेली फिल्म होती आणि फास्टॅग तिच्या मागे चिकटवला होता. अशी फिल्म रेडिओ लहरी अडवते. मोबाईलची रेंज आणि जीपीएससुद्धा तिच्यामुळे मंदावू शकतं.

दुरुस्तीआधी: ही फिल्म ठेवण्याजोगी आहे का?

हा प्रश्न फुकट आहे आणि कुणी विचारत नाही. दोन तास घासून फुगे काढायचे आणि पुढच्या आठवड्यात मुंबई नाक्यावर ट्रॅफिकवाल्यासमोर उभं राहून तीच फिल्म ओरबाडायची, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून कुठलीही फिल्म चिकटवायलाच मनाई केली. पुढे हा नियम बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यात 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं. आयएस २५५३ भाग २ या भारतीय मानकात बसणारी, टक्केवारी पाळणारी फिल्म लावलेली काचही त्यात येते. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशी फिल्म चालते असं स्पष्ट केलं. अर्थात केरळचा निकाल नाशिकच्या चौकातल्या हवालदाराला तोंडपाठ असेलच असं नाही. फिल्मच्या खोक्यावरचा मानकाचा शिक्का आणि बिल गाडीत ठेवा.

बहुतेक जण गणितात फसतात. दुकानदार म्हणतो "पन्नास टक्क्यांची आहे, कायदेशीर आहे." पण टक्केवारी मोजायची ती काच आणि फिल्म मिळून. कंपनीतून आलेली हिरवट काच समजा ७५ टक्के प्रकाश सोडते. तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली की ७५ चे अर्धे, साडेसदतीस. गेलात. ७० टक्क्यांची लावली तर ५२.५, म्हणजे बाजूच्या काचेला जेमतेम पास. पुढच्या काचेचं गणित तुम्हीच करा आणि तिच्या वाटेला जाऊ नका. तुमची फिल्म या हिशोबात बसत नसेल तर दुरुस्तीचे परिच्छेद सोडून थेट काढण्याच्या भागाकडे जा.

तपासणी पहिली: काहीही करू नका

फिल्म साबणाच्या पाण्यावर तरंगवून लावली जाते. स्क्वीजीने, म्हणजे पाणी ओढायच्या रबरी पट्टीने, कितीही ओढलं तरी थोडं पाणी आत राहतंच. हे पाणी पॉलिएस्टरच्या थरातून हळूहळू उडतं आणि तसतसा गोंद काचेला घट्ट धरत जातो. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी बाहेर असेल तर चार-पाच दिवसांत काच स्वच्छ दिसते. श्रावणात तीच काच तीन आठवडे धूसर राहते. डिसेंबरात, विशेषतः निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा गोंदही आळसावतो, महिना धरून चाला.

फुगा कमी होतोय की तसाच आहे हे नजरेवर सोडू नका, नजर खोटं बोलते. काचेच्या बाहेरच्या बाजूने फुग्याभोवती मार्करने गोल काढा, शेजारी तारीख लिहा. आठवड्याने बघा. फुगा गोलापेक्षा लहान झाला तर पाणी आहे, त्याला हात लावायचा नाही. तसाच राहिला तर हवा किंवा धूळ. मार्कर नंतर सॅनिटायझरने पुसला जातो.

आमच्या विंगमधल्या काकांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्यांनी जुलैत फिल्म लावून घेतली, मी पाहायला गेलो तेव्हा मागच्या दोन्ही काचांवर पाण्याचे नकाशे. म्हटलं, "काका, हात नका लावू."

"अरे पण किती दिवस?"

"वीस तरी. पाऊस आहे ना."

"वीस दिवस असं फिरायचं? तुझी काकू म्हणते गाडीला कोड फुटलंय."

काकांनी तिसऱ्या दिवशी एटीएम कार्ड घेतलं आणि घासलं. पाणी निघालं थोडं, हे खरं. पण कार्डावरचे आकडे उठावाचे होते आणि गोंद अजून कच्चा होता. महिन्याने मी टॉर्च मारला तर फिल्मवर शेजारी शेजारी बारीक समांतर रेघा, नांगरलेल्या वावरासारख्या. उजव्या काचेला त्यांनी हात लावला नव्हता. ती आरशासारखी झाली होती.

तपासणी दुसरी: मोबाईलचा टॉर्च

हवा की धूळ, हे दिवसाउजेडी नीट कळत नाही. रात्री गाडीत बसा, कुणाला तरी बाहेरून काचेवर तिरका टॉर्च धरायला सांगा. समोरून नको, काचेला जवळजवळ चिकटून. धुळीचा कण काळा ठिपका होऊन दिसतो, हवेच्या फुग्यात काहीच दिसत नाही, फक्त कड चमकते. केस अडकला असेल तर तोही दिसतो. पार्किंगमध्ये मांजर असेल तर तो कुणाचा हे विचारू नका.

हे एवढं महत्त्वाचं अशासाठी, की हवेला उपाय आहे, धुळीला नाही. धुळीचा कण फिल्म न काढता काढता येत नाही. एका काचेवर मोहरीएवढे दोन-तीन ठिपके असतील तर माझा सल्ला एकच, विसरा. दुकानात केलेल्या कामातही एखादा असतो. मूठभर असतील तर ती काच पुन्हा करावी लागेल.

तपासणी तिसरी: काच कशाने पुसता?

कड सुटणं आणि काच धूसर होणं, या दोन्हींमागे हे कारण मला अनेकदा सापडलं. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड फिल्मच्या रंगाला आणि गोंदाला खातं. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. दुसरा चोर म्हणजे डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे. तो डॅशबोर्डवर मारतात आणि त्याची वाफ जवळच्या काचेवर बसते. सिलिकॉन बसलेल्या काचेवर कुठलाही गोंद धरत नाही. लावण्याआधी असा स्प्रे मारला असेल तर पुढच्या दारांच्या काचांची डॅशबोर्डकडची कड सुटणार, हे मी पैजेवर सांगतो.

पहिला महिना आतून काच पुसूच नका. नंतर साधं पाणी, मऊ मायक्रोफायबर, पुरे. कागद, वर्तमानपत्र नको. आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे वर्तमानपत्राने काच पुसायची, पण ती नुसत्या काचेसाठी.

तपासणी चौथी: पाणी

पांढरट ढग महिन्यानंतरही राहिला तर पाण्याकडे बघा. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी यासाठी बऱ्यापैकी चालतं. पण पाथर्डी फाट्याकडच्या, अंबड-सिडकोतल्या कितीतरी सोसायट्यांत वापरायला बोअरचं पाणी येतं, आणि त्यातले क्षार पाणी उडालं तरी काच आणि गोंदाच्या मध्ये राहतात.

परीक्षा सोपी आहे. ज्या द्रावणाने फिल्म लावली त्याचा एक चमचा स्टीलच्या ताटलीत ओता आणि उन्हात ठेवा. सुकल्यावर पांढरी कडी उरली तर तीच कडी तुमच्या काचेतही आहे. आरओचं पाणी असेल तर ते घ्या, नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही पंपाजवळ मिळतं.

शाम्पूचंही तसंच. लिटरभर पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे पाच-सहा थेंब, बस. लोकांना वाटतं जास्त फेस म्हणजे जास्त सरक. सरक मिळते खरी, पण मग गोंद काचेऐवजी साबणाला धरून बसतो. कंडिशनर असलेला शाम्पू तर मुळीच नको, केस मऊ करणारं तेच तेलकट काचेवर राहतं.

ही तपासणी लावून झालेल्या काचेला वाचवत नाही, हे मान्य. पण पुढची काच वाचवते. आणि ढग कशाचा हे कळल्याशिवाय फिल्म बदलली तर दुसऱ्या फिल्मलाही तोच ढग येतो.

तपासणी पाचवी: खालची कड आणि रबर

माझ्या हिशोबाने नाशकात अर्ध्याहून जास्त भानगडी इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

काच खाली जाते तेव्हा दारातल्या दोन मखमली पट्ट्यांमधून घासत जाते. आपण तिला बीडिंग म्हणतो. सिंहस्थाच्या तोंडावर खणलेले रस्ते, खडीचे डंपर, मळ्यातली कच्ची वाट, ही सगळी धूळ त्या मखमलीत जाऊन बसते. ओली असेल तर चिखल होतो, वाळली की सॅण्डपेपर. फिल्मवरचे उभे चरे याचेच.

तपासायची रीत अशी. काच पूर्ण खाली घ्या. जुन्या सुती बनियनचा तुकडा प्लास्टिकच्या पट्टीला गुंडाळा आणि आतल्या बीडिंगमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मेव्हण्याच्या गाडीतून पहिल्या फेरीत निघालं ते बोटांत चोळलं तर कचकच वाजत होतं. पाच फेऱ्या झाल्या तेव्हा कापड जरा पांढरं राहिलं. हे फिल्म लावण्याआधी केलं असतं तर कदाचित तिचे अर्धे चरे पडलेच नसते.

आता कड कुठे कापली आहे ते बघा. काच पूर्ण वर असताना आतलं बीडिंग बोटाने किंचित मागे ओढा. फिल्म बीडिंगच्या खाली सहा-सात मिलिमीटर तरी उतरलेली असली पाहिजे. घरी लावणारा हमखास काय करतो, तर बीडिंगच्या रेषेवर ब्लेड टेकवून छान सरळ कापतो. दिसायला सुंदर. पण मग फिल्मची मोकळी कड बरोबर तिथे येते जिथे मखमल तिला प्रत्येक वेळी खालून वर ढकलते. शंभरदा काच खाली-वर झाली की कड उचकटणारच. वरच्या बाजूला उलटं. तिथे काचेच्या धारेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडायची, म्हणजे काच वरच्या रबरात घुसताना फिल्मची कड अडकत नाही.

आणि काच कधी खाली घेतली? पहिले चार दिवस, पावसाळ्यात सात, काच हलवायची नाही. घरातल्या मोठ्यांना सांगून भागतं, लेकरांना नाही. ड्रायव्हरच्या दारावर काचा लॉक करायचं बटण असतं, ते दाबून ठेवा. माझी तिसरी फिल्म माझ्या चार वर्षांच्या पुतणीने दुसऱ्या दिवशी "काका, वारा" म्हणत संपवली.

कड सुटलेलीच असेल तर बोटाने अलगद उचलून आत बघा. गोंद स्वच्छ आणि चिकट असेल, सुटलेला भाग नखाच्या रुंदीएवढाच असेल, तर शाम्पूपाण्याचा एक फवारा आत मारा, कापडात गुंडाळलेल्या कडक पट्टीने वरून खाली दाबून पाणी काढा, मास्किंग टेप लावा आणि दोन दिवस काच बंद. गोंदात धूळ बसली असेल तर दाबत बसू नका, तो गोंद मेला. तेवढी पट्टी नव्या ब्लेडने अगदी हलक्या हाताने सरळ कापून टाका. दोन मिलिमीटरची फट कुणाला दिसत नाही, सुटलेली फडफडती कड मात्र रोज दोन मिलिमीटर वर चढते.

तपासणी सहावी: सुई

फक्त हवेच्या फुग्यासाठी आणि तीन आठवडे झाल्यावरच. शिवणातली सर्वांत बारीक सुई फुग्याच्या कडेला तिरकी टोचा, मधोमध नाही. मग विरुद्ध बाजूने कापड गुंडाळलेल्या पट्टीने हवा छिद्राकडे ढकला. कडेला टोचायचं कारण असं की छिद्र तिथल्या चिकटलेल्या भागाजवळ असतं आणि लगेच बंद होतं, मध्ये टोचलं तर छिद्राभोवती चुरगळ राहते. ब्लेडचं टोक वापरू नका. ब्लेड चीर पाडतं आणि चीर उन्हात पसरते.

फिल्म उचलून पुन्हा बसवणं हा उपाय लावल्यापासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंतच. दुसऱ्या दिवशी उचललेल्या फिल्मचा गोंद ताणला जातो, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते, आणि ती कशानेही जात नाही. एकदा उचलली ठीक. दोनदा उचललेली फिल्म टाकून द्या.

तपासणी सातवी: हीट गन आणि बोटं

कडेच्या बोटांवर दाब चालत नाही. एक बोट बसवलं की शेजारी दुसरं उठतं. ती जास्तीची फिल्म कुठेतरी जायला हवी, आणि तिची जागा म्हणजे आकसणं. खरी पद्धत अशी की फिल्म आधी काचेच्या बाहेरच्या बाजूला लायनरसकट, म्हणजे गोंदावरच्या सोलायच्या कागदासकट, अंथरून, उष्णतेने आकसवून काचेच्या गोलाईत बसवायची आणि मग आत चिकटवायची. ज्यांनी हे केलं नाही त्यांनाच बोटं येतात.

लावून झाल्यावर लहान बोटं, म्हणजे पेराएवढी, अजून वाचवता येतात. हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, कमी तापमानावर, काचेपासून वीतभर लांब, सतत फिरती. दुसऱ्या हाताचा तळवा बाहेरून काचेवर ठेवा. चटका बसायला लागला की थांबा. बोट मऊ पडलं की पट्टीने कडेकडे दाबा. घरातला केसांचा ड्रायर यासाठी पुरत नाही, पण त्याने काही बिघडतही नाही, करून बघायचं तर आधी तो बघा.

काचेला कुठे टवका असेल तर हीट गन लावूच नका. थंडीच्या सकाळी गारठलेल्या काचेवर एकदम गरम हवा मारणंही तसंच धोक्याचं. दुपार होऊ द्या.

फिल्म काढायची वेळ आली तर

बाजूच्या काचांची फिल्म घरी काढता येते. कपड्यांचा स्टीमर असेल तर बाहेरून आणि आतून वाफ द्या, नसेल तर मेच्या दुपारी गाडी उन्हात उभी करा, ऊन फुकट काम करतं. एक कोपरा नखाने सोडवा आणि फिल्म जवळजवळ स्वतःवर दुमडत, हळू ओढा. जोरात ओढली तर पॉलिएस्टर निघतो आणि गोंद काचेवर राहतो. राहिलाच तर साबणाच्या पाण्यात भिजवलेला कागद अर्धा तास चिकटवून ठेवा, मग नव्या ब्लेडने भरपूर पाण्यात, काचेला चपटं धरून खरवडा. दारावर जाड टॉवेल हवाच. काचेचं बटण, स्पीकर, सगळं त्या दारात आहे आणि पाण्याला खालीच जायचं असतं.

इथे थांबा

मागची काच, जिच्यावर तांबूस आडव्या रेघा आहेत, ती स्वतः खरवडू नका. त्या रेघा डिफॉगरच्या आहेत, काच तापवून तिच्यावरची वाफ घालवणाऱ्या, काचेवर छापलेल्या. ब्लेडने एक तुटली की तेवढी पट्टी धुक्यात साफ होत नाही, आणि कसाऱ्याच्या घाटात ऑगस्टच्या पहाटे ती पट्टी आठवते. शे-दोनशेच्या फिल्मपायी सबंध काच बदलायची वेळ आलेली मी पाहिली आहे. याच काचेच्या कडेला काळे ठिपके असतात, तिथे फिल्म पूर्ण चिकटत नाही आणि पांढुरकी झालर दिसते. तो बिघाड नाही, काचेचा तो भागच उंचसखल असतो. झालर घासून जात नाही, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

पुढच्या काचेवर कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर तिथली फिल्म लावणं-काढणं दोन्ही जाणकाराकडे. काचेला तडा दिसला तर फिल्म विसरा, आधी काचवाला. काच खाली-वर करताना बटण अडखळायला लागलं, किंवा भलत्याच दाराची काच हलली, तर दारात पाणी गेलं आहे. काच वापरणं बंद करून इलेक्ट्रिशियनकडे जा, फिल्मवाल्याकडे नाही. आणि फिल्म दुकानातून लावलेली असेल, वॉरंटी असेल, तर सुईसुद्धा टोचू नका. छिद्र दिसलं की दुकानदार हात वर करतो, आणि त्याचं चुकतंही नाही.

माणूस निवडताना मी तीन गोष्टी बघतो. काम बंदिस्त जागेत करतो की रस्त्याकडेला, कारण हात कितीही बसलेला असला तरी डंपरची धूळ त्याचं ऐकत नाही. मागच्या काचेची फिल्म कशाने काढणार असं विचारल्यावर "वाफेने" म्हणतो की "ब्लेडने". आणि लावण्याआधी दारांवर टॉवेल टाकतो का. तिसरी गोष्ट विचारायची नसते, दुसऱ्या कुणाच्या गाडीवर तो काम करत असताना उभं राहून पाहायची.

त्याच्याकडे जाताना गाडी जशी आहे तशी न्या. अर्धवट सोललेली फिल्म "जरा नीट दिसावी" म्हणून घरून फाडून नेऊ नका. चिकटलेला कोपरा धरून पूर्ण पट्टा ओढणं त्याला सोपं जातं, तुकडे तुकडे राहिलेला गोंद काढायला तो तिप्पट वेळ लावतो आणि मजुरीही त्याच हिशोबाने सांगतो.